पंच्याऐंशी मिलिमीटरचं भांडण

मोटरसायकलच्या मागच्या टायरची रुंदी १३० मिलिमीटर आहे, ती ३०० करायची. वाढ झाली १७० मिलिमीटरची. निम्मी डावीकडे, निम्मी उजवीकडे, म्हणजे दोन्ही अंगांना ८५ मिलिमीटर जादा जागा हवी. हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल असा. पण कस्टम चॉपर बांधणाऱ्यांची कित्येक वर्षं सगळी डोकेफोड चालली ती या ८५ मिलिमीटरवरूनच. कारण डावीकडच्या त्या चार बोटांच्या जागेत आधीपासून कुणीतरी ठाण मांडून बसलेलं असतं: मागचं चाक फिरवणारा बेल्ट, नाहीतर चेन.

त्याला तिथून हलवायचं तर गिअरबॉक्स हलवावा लागतो. गिअरबॉक्स हलला की क्लच हलतो, क्लचमागोमाग इंजिन. एवढी उलथापालथ करून चाक एकदाचं बसतं, गाडी दुकानाबाहेर येते, लोक वळून वळून बघतात. मग रस्त्यावर पहिलं वळण लागतं आणि भांडणाचा दुसरा अंक सुरू होतो.

हार्ली-डेव्हिडसनच्या मोठ्या व्ही-ट्विन गाड्यांची पारंपरिक रचना पाहिली की भांडणाचं मूळ सापडतं. या गाड्यांत इंजिन एका खोक्यात आणि गिअरबॉक्स त्याच्यामागे दुसऱ्या खोक्यात. इंजिनाच्या क्रँकशाफ्टचं डावं टोक बाहेर येतं, तिथून एक आखूड चेन मागे क्लचपर्यंत जाते. हिला प्रायमरी म्हणतात. क्लच बसतो गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाला. आणि गिअरबॉक्समधून ताकद बाहेर पडते तीही डावीकडूनच, क्लचच्या आतल्या बाजूने. गाडीच्या डावीकडे उकिडवं बसून पाहिलं, तर सर्वांत बाहेर प्रायमरीचं चकचकीत झाकण, त्याच्या आत क्लच, त्याच्याही आत मागच्या चाकाकडे जाणारी पुली, आणि पुलीच्या पलीकडे लगेच टायर. चाळीतल्या मधल्या खोलीसारखी तिची अवस्था. एका भिंतीपलीकडे क्लच, दुसऱ्या भिंतीपलीकडे टायर. टायरने पाय पसरले की तिला सरकायला जागाच उरत नाही.

आपल्याकडच्या जुन्या, ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटचा संसारही असाच आहे. तिची प्रायमरी डावीकडे आणि मागच्या चाकाची चेनही डावीकडे. गिअरबॉक्सचं पुढचं स्प्रॉकेट बदलायचं तर आधी प्रायमरीचं झाकण उघडा, तेल काढा, क्लच उतरवा, मग त्या स्प्रॉकेटचं दर्शन घडतं. बुलेट खोलणाऱ्या जुन्या मिस्त्रींना म्हणून चॉपरवाल्यांचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. हार्लीच्याच घरात एक अपवाद होता. १९५७ साली आलेल्या स्पोर्टस्टरची प्रायमरी डावीकडे असली, तरी मागच्या चाकाची चेन उजवीकडे होती. दोघींची दारं वेगळी असल्याने तिथे एकमेकींची अडचण नव्हती. चॉपरवाल्यांना जे उत्तर पुढे बऱ्याच खटपटीनंतर सापडलं, त्याचा नमुना त्यांच्या शेजारीच उभा होता म्हणायचा.

मुळात चॉपरला रुंद टायरची काही गरज नव्हती. चॉप म्हणजे छाटणं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या, विशेषतः कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी जडशीळ हार्ली घेतल्या आणि मडगार्ड, भोंगे, पेट्या, जे जे अनावश्यक वाटलं ते कापून फेकलं. हेतू वजन उतरवण्याचा होता. मग हौस वाढली, पुढचा फोर्क लांब झाला, हँडल वर गेलं. १९६९च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटातल्या पीटर फोंडाच्या गाडीने हे रूप जगभर पोचवलं. लॉस एंजेलिसचे क्लिफ वॉझ आणि बेन हार्डी या कृष्णवर्णीय कारागिरांनी चित्रपटातल्या गाड्या बांधल्या होत्या, पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्लींवरून. त्यांचं नाव मात्र कित्येक वर्षं कुणी घेतलं नाही. त्या काळातल्या मोठ्या हार्लीचं मागचं टायर ५.००-१६ मापाचं असे, म्हणजे जेमतेम पाच इंच रुंद. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध चॉपरच्या जमान्यात मागचं चाक आजच्या मध्यम आकाराच्या मोटरसायकलहून फार जाड नव्हतं.

रुंदीचं वेड आलं ते नंतर. १९८४च्या मॉडेलांत हार्लीने सॉफ्टेल आणली. तिची मागची स्प्रिंग गिअरबॉक्सखाली लपवलेली होती, त्यामुळे गाडी जुन्या बिनस्प्रिंगच्या सांगाड्यासारखी दिसे. मागचं चाक असं उघडं, ठसठशीत दिसू लागल्यावर ते आणखी भरदार असावं असं वाटणं ओघानेच आलं. १३०चं १५० झालं, १५०चं १८०. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून २०० आणि २५०ची भाषा सुरू झाली, आणि लवकरच टायर कंपन्या खास चॉपरसाठी ३००, ३३० आणि अखेर ३६० मिलिमीटरची टायरं काढू लागल्या. २००३पासून डिस्कव्हरी वाहिनीवरच्या ‘अमेरिकन चॉपर’ मालिकेत ट्यूटल बाप-लेकांची आदळआपट आणि त्यांच्या अगडबंब गाड्या घराघरांत पोचल्या, आपल्या केबलवरही. कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावची बिग डॉग, टेक्सासची अमेरिकन आयर्नहॉर्स अशा कंपन्या तर अशा गाड्या कारखान्यात ठरावीक नमुन्यांवर बांधू लागल्या. २००८च्या मंदीत हा फुगा फुटला. अमेरिकन आयर्नहॉर्स त्याच वर्षी बंद पडली, बिग डॉगने २०११मध्ये उत्पादन थांबवलं. तोवर मोठ्या कारखान्यांनीही हे वेड अंगावर घेतलं होतं. हार्लीच्याच व्ही-रॉडला २००७ साली २४०चं टायर आलं, २००८ साली रॉकरला, २०१३ साली ब्रेकआउटला.

आता त्या चार बोटांच्या जागेकडे वळू.

पहिला उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुना: बेल्ट काढा, चेन घाला. १९८०च्या ‘स्टर्जिस’ गाडीपासून हार्लीने दातेरी रबरी बेल्ट वापरायला सुरुवात केली. त्याला तेल लागत नाही, त्याचा आवाज नाही, तो मळत नाही. पण तो रुंद. सुरुवातीच्या काळात दीड इंच, पुढे कारखान्याने तो एक-सव्वा इंचापर्यंत आणला. चेन त्याहून बरीच कमी जागा घेते आणि ताकद तेवढीच ओढते. १८०च्या आसपासच्या टायरपर्यंत असल्या अदलाबदलीवर भागून जातं. गिऱ्हाइकाला मात्र दर काही दिवसांनी चेनला तेल घालण्याचं आणि पँटवर पडणाऱ्या काळ्या ठिपक्यांचं व्रत स्वीकारावं लागतं.

दुसरा उपाय म्हणजे सगळं बिऱ्हाड डावीकडे सरकवणं. गिअरबॉक्स डावीकडे घ्यायचा, इंजिन आणि प्रायमरी यांच्यामध्ये जाड धातूची कडी घालायची, म्हणजे क्लचही तेवढाच बाहेर येतो आणि पुलीला श्वास घ्यायला जागा मिळते. काहींनी इंजिनासकट सगळंच सरकवलं. अर्धा इंच, पाऊण इंच असे हे हिशेब असतात. या गाड्यांबद्दल ठरलेली तक्रार अशी की त्या डावीकडे ओढतात. हँडल जरा सैल सोडलं की गाडी डावीकडे कलते आणि मालकाला एक खांदा कायम ताठ ठेवून बसावं लागतं.

या तक्रारीत तथ्य किती, हे कागदावर तपासता येतं. समजा इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून १२० किलो, आणि चालवणाऱ्यासकट सगळी गाडी ४०० किलो. १२० किलोचा ऐवज १२ मिलिमीटर डावीकडे सरकवला, तर सगळ्या गाडीचा गुरुत्वमध्य सरकतो साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटर उंच धरला, तर गाडीला सरळ जाण्यासाठी अर्ध्या अंशाहूनही कमी कलून चालावं लागेल. आपण उजव्या खिशात पाकीट आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसलो, तरी फरक पडतो तो असाच सूक्ष्म. मग गाड्या ओढतात कशाने? बहुतेकदा चाकाच्या सरळ रेषेने. इंजिन सरकवूनही जागा पुरली नाही की कुणीतरी मागचं चाकच पाच-सात मिलिमीटर उजवीकडे बसवतं. पुढचं चाक एका रेषेत धावतं, मागचं दुसऱ्या. किंवा आस किंचित तिरका बसतो. वजन सरकल्याचा दोष गाडी मुकाट्याने सोसते. चाकांची रेघ चुकली, की मात्र ती दर किलोमीटरला कुरकुरते.

तिसरा उपाय स्पोर्टस्टरच्या वळणाचा. पुली डावीकडच्या अडगळीत ठेवायचीच कशाला? गिअरबॉक्सच्या आतल्या दात्यांची मांडणी अशी बदलायची की ताकद उजवीकडून बाहेर पडेल. तिथे ना प्रायमरी, ना क्लच, अंगण मोकळं. याला कारागीर राइट साइड ड्राइव्ह म्हणतात. मिशिगनच्या बेकर ड्राइव्हट्रेनसारख्या कंपन्यांनी असे सहा गिअरचे डबे तयार करून विकले आणि ३००चं टायर घालणाऱ्यांची मोठी सोय केली. इंजिन गाडीच्या मध्यरेषेवर जिथल्या तिथे राहतं. डावीकडे क्लच आणि प्रायमरीचं वजन आहे, त्याला उजवीकडे पुली आणि बेल्टचं थोडंफार पारडं मिळतं. पुली गिअरबॉक्सपासून जितकी बाहेर, तितका तिच्या शाफ्टवर ताण जास्त, कारण बेल्ट तिला सतत मागे खेचत असतो. त्यामुळे बाहेरच्या टोकाला आणखी एक बेअरिंग देऊन आधार द्यावा लागतो. विहिरीच्या रहाटाला दोन्ही बाजूंनी खांब का लागतात, त्यातलाच हा प्रकार.

जागा उजवीकडे मिळाली खरी, पण तिथे आधी ब्रेकची डिस्क राहत होती. आता तिचं काय? कुणी ती डावीकडे नेली. कुणी पुली आणि ब्रेकची डिस्क एकाच तबकडीत बसवली आणि कॅलिपरही त्याच बाजूला आणला. त्यामुळे चाकाची एक बाजू पूर्ण उघडी राहते आणि नक्षीदार रिम मिरवता येते. दिसायला अप्रतिम, पण एकाच अंगाला बेल्टचा धुरळा आणि ब्रेकची उष्णता एकत्र नांदतात.

इतकं सगळं झाल्यावर गाडी वळणावर येते.

दुचाकी वळताना झुकते हे सगळ्यांना ठाऊक असतं. वेग आणि वळणाची गोलाई ठरली की झुकण्याचा कोनही ठरतो, मग गाडी कुठलीही असो. निदान टायर कागदासारखं पातळ असतं तर तसं झालं असतं. ताशी ५० किलोमीटर वेग आणि ५० मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर असल्या काल्पनिक पातळ चाकांच्या गाडीला साडेएकवीस अंश झुकावं लागेल. पण खऱ्या टायरला जाडी असते, आणि गाडी झुकली की रस्त्याला टेकणारा भाग टायरच्या मधोमध राहत नाही, आतल्या कडेकडे सरकतो. म्हणजे टेकू गुरुत्वमध्याच्या खाली, वळणाच्या आतल्या बाजूला येतो, आणि झुकण्याचा थोडा भाग फुकट जातो. तो भरून काढायला आणखी झुकावं लागतं. दोन्ही टायरं १३० मिलिमीटरची आणि गोल काटछेदाची धरली, गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटरवर मानला, तर वरच्या वळणाला सुमारे २४ अंश लागतात. दोन्ही ३०० मिलिमीटरची धरली तर २९. त्याच वळणाला, त्याच वेगाला, पाच अंश जादा.

पाच अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण चॉपर आणि क्रूझर गाड्या बुटक्या असतात, पाय ठेवायचे दांडे जमिनीच्या जवळ असतात, आणि त्यांतल्या अनेकांचे दांडे तीस अंश होण्याआधीच रस्त्यावर घासून ठिणग्या पाडतात. आधीच तुटपुंज्या असलेल्या झुकण्याच्या पुंजीतून रुंद टायर मोठी उचल घेऊन टाकतं.

आता यात आणखी एक गाठ आहे. चॉपरचं पुढचं चाक मागच्यासारखं नसतं. पुढे असतं २१ इंची उंच, सायकलच्या जातीचं ९० मिलिमीटरचं टायर. २९ अंशांच्या झुकावात ३००च्या मागच्या टायरचा टेकू मध्यरेषेपासून सात-साडेसात सेंटीमीटर सरकतो, पुढच्याचा जेमतेम दोन-सव्वादोन. दोन चाकांचे टेकू आता गाडीच्या रेषेत राहिलेले नाहीत. पुढचा अंगठ्यावर आणि मागचा सबंध पावलाच्या बाहेरच्या कडेवर, अशी तिची चाल होते. मागचं चाक गाडीला उभं करायला बघतं, पुढचं आत वळायला. चालवणाऱ्याला आतलं हँडल वळणभर दाबून धरावं लागतं. दाब सोडला की गाडी उठून सरळ होते आणि वळणाबाहेर जाऊ लागते. रुंद टायरच्या गाडीवर पहिल्यांदाच बसणाऱ्याला घाबरवणारी गोष्ट ही आहे: गाडी घसरत नाही, पडत नाही, पण वळायला राजी नसते.

वरचा हिशेब गोल काटछेद धरून केला. प्रत्यक्षात ३००/३५ मापाच्या टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ३५ टक्के, म्हणजे १०५ मिलिमीटर. इतक्या बुटक्या भिंतीवर इतका रुंद माथा म्हटल्यावर तो अर्धवर्तुळ होऊ शकत नाही. मधे सपाट, कडांना एकदम वाकलेला असा त्याचा आकार होतो, गच्चीसारखा. झुकायला लागताना गाडी सुरुवातीला हट्ट धरते, सपाटी संपून कड आली की धपकन कलते. चांगल्या टायरमध्ये हे वाकण मऊ केलेलं असतं. पण भूमितीला किती वाकवणार.

म्हणूनच एक उदाहरण फार बोलकं आहे. डुकाटीने २०११ साली डायावेल बाजारात आणली. तिचं मागचं टायर २४०/४५, म्हणजे ब्रेकआउटइतकंच रुंद. तरीही ती ४१ अंशांपर्यंत झुकू शकते असा कंपनीचा दावा होता, आणि चाचणी घेणाऱ्यांनी तिच्या वळणांची तारीफ केली. फरक कुठे होता? पिरेलीने तिच्यासाठी टायरचा माथा वेगळ्या गोलाईने घडवला, मधे एक आणि कडांना दुसरी, म्हणजे झुकण्याची चाल कुठे तुटणार नाही. पुढचं टायर १२०चं होतं, ९०चं नव्हे. फोर्कचा कल २८ अंश, इतर रस्त्यावरच्या गाड्यांच्या जवळपासचा. पायदांडे उंच. तिथे टायर, सांगाडा आणि चालवणाऱ्याची बैठक एकमेकांना विचारून ठरली होती. नेहमीच्या कस्टम चॉपरमध्ये आधी टायर पसंत होतं, मग बाकीच्यांना त्याच्याशी जुळवून घ्यायला सांगितलं जातं. हार्लीने २०१८च्या फॅट बॉयला मागे २४० आणि पुढे तब्बल १६०चं टायर दिलं. पुढच्या-मागच्यातली तफावत कमी झाली, पण हँडल फिरवायला दणकट दंड लागतात.

चॉपरचा लांब फोर्क हा या गोष्टीतला तिसरा गडी. फोर्क जितका आडवा, तितकं पुढचं चाक हँडलच्या आसाच्या रेषेमागे फरफटत येतं. या अंतराला ट्रेल म्हणतात. ३० अंशांच्या कलाला आणि ३४५ मिलिमीटर त्रिज्येच्या चाकाला, आस ५० मिलिमीटर पुढे धरला, तर ट्रेल येतो १४ सेंटीमीटर. कल ४५ अंश केला, बाकी काही बदललं नाही, तर तो २७ सेंटीमीटर होतो. महामार्गावर अशी गाडी रेल्वेसारखी सरळ जाते. पण पार्किंगमध्ये वळवताना पुढचं चाक एका बाजूला लोळण घेऊ बघतं, आणि हँडल हातातून निसटायला पाहतं. जाणते बांधणारे म्हणून फोर्क धरणाऱ्या चिमट्यांनाच जादा कल देतात, त्यामुळे फोर्क आडवा दिसतो आणि ट्रेल आटोक्यात राहतो. मागच्या रुंद टायरने गाडी वळायला नाखूश, पुढच्या लांबलचक ट्रेलने ती हळू वेगात लोळणारी. दोन्ही दोष एकाच गाडीत आले की वळणदार घाटात तिचा मालक मागच्या ट्रकवाल्याला वाट देत राहतो.

रुंद टायरमुळे रस्त्याला जास्त पकड मिळते, हा मोठा गैरसमज. टायरची रस्त्याला टेकणारी जागा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते, वजन आणि हवेचा दाब. मागच्या चाकावर २६० किलो भार आणि टायरमध्ये दर चौरस सेंटीमीटरला अडीच किलो हवा असेल, तर टेकणारी जागा सुमारे १०० चौरस सेंटीमीटर, टायर १३०चं असो की ३००चं. बदलतो फक्त तिचा आकार. अरुंद टायरखाली तो पायाच्या ठशासारखा लांबट, रुंद टायरखाली पोळपाटावर आडव्या पडलेल्या लाटण्यासारखा. लाटण्याला रस्त्याचा प्रत्येक उतार कळतो. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. त्यावर रुंद टायरचा टेकू उंच बाजूला सरकतो आणि गाडी हलकेच एका बाजूला ढकलली जाते. अवजड ट्रकांनी डांबरात पाडलेल्या चाकोऱ्या तर त्याच्या जिवावर येतात. आणि पावसात रुंद, आखूड ठशाला पुढचं पाणी बाजूला सारायला वाटही लांब आणि वेळही कमी, त्यामुळे ते पाण्यावर तरंगू लागण्याची शक्यता वाढते. जुलैतल्या मुंबई-गोवा महामार्गाची कल्पना करून पाहावी.

महाराष्ट्रात या वेडाची लहान भावंडं रस्तोरस्ती दिसतात. पुण्याच्या बजाज ऑटोची अ‍ॅव्हेंजर २००५ साली आली. त्याआधीच्या एलिमिनेटरचा वारसा सांगणारी ही बुटकी गाडी पुढे ९०/९०-१७ आणि मागे १३०/९०-१५ टायर घेऊन येई. चॉपरच्या मापाने फारच सोज्वळ. पण ‘मागून भारी दिसली पाहिजे’ म्हणून तिला आणि बुलेटला १५०, १८०चं टायर बसवून घेणारे कमी नाहीत. पुण्याच्या नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या गल्ल्यांत असं टायर मिळतंही. तिथे पुन्हा तेच गणित. १३०चं १८० केलं की प्रत्येक बाजूला २५ मिलिमीटर हवे. चेन आणि टायर यांच्यामध्ये मूळचं अंतर तेवढं नसतं, मग चेन टायरची भिंत खरवडू लागते. लेथवर स्प्रॉकेटमागे बुश फिरवून घेतला जातो, पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत राहिलं नाही की चेन एकाच बाजूने झिजते आणि तिचे दुवे कुरकुरतात. शिवाय रिम. १८०/५५ मापाच्या टायरला साडेपाच इंच रुंदीची रिम लागते. ते मूळच्या अरुंद रिमवर दाबून बसवलं तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि टायर आखलं गेलं त्या आकारात राहत नाही. रुंद टायरचे तोटे पदरात पडतात, फायदा मात्र पंक्चरवाल्याच्या कौतुकापुरता.

कायद्याचाही इथे पहारा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार गाडीत असा फेरफार करता येत नाही की तिचा नोंदणीपुस्तकातला तपशील आणि उत्पादकाने मूळ ठरवलेली रचना जुळणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये एका केरळच्या प्रकरणात हेच ठासून सांगितलं. म्हणून मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’सारख्या वर्कशॉपमधून बाहेर पडणाऱ्या देखण्या गाड्यांचं काम बरंचसं बाह्यरूपावर, बैठकीवर, टाकीवर आणि रंगावर चालतं. गोव्यात वागातोरला २०१३ साली सुरू झालेल्या इंडिया बाइक वीकमध्ये रुंद टायरच्या गाड्या पाहायला गर्दी लोटते. वागातोरहून पणजीकडे जाताना दर काही अंतरावर गतिरोधक भेटतात, आणि लांब सांगाड्याच्या बुटक्या गाडीचं पोट त्यांना नमस्कार करत जातं.

अमेरिकेतही सगळे रुंदीच्या मागे धावले नव्हते. न्यूयॉर्कचे लॅरी डेस्मेट, ज्यांना सगळे इंडियन लॅरी म्हणत, ते ३००च्या टायरांच्या ऐन भरात अरुंद टायरच्या, उघड्या इंजिनाच्या, हलक्या गाड्या बांधत राहिले आणि त्यांवर उभे राहून कसरतीही करत. २००४ साली अशीच कसरत करताना पडून त्यांचा अंत झाला. पण त्यांच्या धाटणीच्या सडपातळ चॉपर आज पुन्हा बांधल्या जातात, आणि त्यांच्या मागच्या चाकांची मापं पाहिली तर १९६९च्या जवळ गेलेली आढळतात.

रुंद असो की अरुंद, चांगला बांधणारा गाडी रंगायला पाठवण्याआधी एक काम करतो. नुसता सांगाडा, चाकं आणि इंजिन जागेवर ठेवून तो मागच्या टायरच्या दोन्ही भिंतींना लागून दोन सुतळ्या पुढच्या चाकापर्यंत ताणतो. पुढचं चाक अरुंद असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंना सुतळीपर्यंत फट राहते. दोन्ही फटी पट्टीने मोजतो. मग गवंड्यासारखा ओळंबा सोडून स्टिअरिंगच्या मानेचा मध्य आणि मागच्या चाकाचा मध्य एकाच उभ्या पातळीत येतात का बघतो. डावी फट १०५ आणि उजवी ९८ निघाली, तर तो बोल्ट सैल करतो, एक वॉशर या बाजूने काढून त्या बाजूला घालतो, आणि सुतळी पुन्हा ताणतो.